सड्यावरचं ऑफिस : गावकरी आणि हिस्सेदारांनो, बोला

कातळफूल | १९ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातल्या एका किनाऱ्यालगतच्या गावची. गावाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावचे असाल तर ओळखालच.

देवळाच्या वरच्या अंगाला जो मोठा सडा (कातळाचं पठार) आहे, त्यातली २२ एकर जागा एका सॉफ्टवेअर कंपनीला ऑफिससाठी हवी आहे. ४०० माणसं बसतील असं प्रस्तावात लिहिलंय. ना-हरकतीसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज आला आहे आणि १ मेच्या ग्रामसभेत तो विषय आहे. मी पंचायतीत जाऊन कागद बघून आले. सतरा पानं आहेत, त्यातली नऊ नुसती चित्रांची. चित्रात काचेची इमारत आणि भोवती हिरवंगार लॉन. आमचा सडा जून ते सप्टेंबर हिरवा असतो. आत्ता वर अनवाणी गेलात तर पावलांना फोड येतील.

माझं मत ठरलेलं नाही. मी स्वतः २०२० पासून इथूनच संगणकावर नोकरी करते, त्यामुळे ऑफिस म्हणजे काहीतरी पाप असं मला म्हणता येणार नाही. बाबा म्हणतात येऊ दे. आईने एकच शब्द उच्चारला : पाणी. ग्रामसभेत बोलायचं झालं तर काय विचारावं, ते सुचवा.

पागोळी | १९ एप्रिल, रात्री १०:०२

रुमाल टाकून ठेवते. वाचतेय.

दादरकर हिस्सेदार | १९ एप्रिल, रात्री १०:३१

इतक्या वर्षांत पहिल्यांदा धूर न सोडणारं काहीतरी गावात येतंय, तर तेही नको म्हणायला धागा निघालाच. अणुऊर्जा नको, रिफायनरी नको, आता संगणकसुद्धा नको? सड्यावर आहे काय? कातळ! गवताच्या दोन पेंढ्या निघत नाहीत. पन्नास वर्षं त्या जमिनीचा सारा भरतोय आम्ही, उत्पन्न शून्य. गावातली निम्मी घरं गणपती आणि शिमगा सोडला तर बंद असतात. त्यातली दहा उघडली तरी मी म्हणेन भरून पावलो.

गजालवाला | १९ एप्रिल, रात्री १०:४८

सारो म्हंजे वर्साक किती रुपये, ता पण सांगा मा. ☺

माका एक सांगा, ४०० माणसां हयसर येतली, तेंका पाणी खयसून हाडतले? मे म्हयन्यात आमच्या वाडीत आठव्या दिवसाक टँकर येता. तो पण सरपंचाक चार फोन केल्यार.

घरबसली बीकॉम | १९ एप्रिल, रात्री ११:२०

मी २३ वर्षांची. बीकॉम, टॅली, एमएससीआयटी सगळं झालंय. तीन महिने पुण्यात होते. आठ हजार खोलीला, पगार चौदा हजार. परत आले. आता सीझनला आंब्याच्या पेट्या भरते आणि उरलेलं वर्ष स्थळं बघते, म्हणजे घरचे बघतात.

इथे जे सड्यावरच्या फुलांबद्दल लिहायला येतील (येणारच आहेत), त्यांना आधीच विचारून ठेवते : तुम्ही पगार कुठे घेतलात? पुण्या-मुंबईत तीस वर्षं नोकरी करून, पेन्शन लावून मग गावाला यायचं, आणि आम्हाला सांगायचं की गाव आहे तसं राहू दे. आहे तसं म्हणजे कसं? माझ्या वर्गातल्या चौदा मुलींपैकी गावात मी एकटी आहे.

तीन पिढ्यांची कलमं | २० एप्रिल, सकाळी ६:१५

बीकॉम ताई, बोललात ते लागलं. खरं आहे.

पण आमची बाग त्या सड्याच्या खालच्या उतारावर आहे. आजोबांनी कातळ फोडून, खड्ड्यात बाहेरची माती भरून कलमं लावली. वरून जो पऱ्या (ओहोळ) येतो त्याच्या कडेच्या विहिरीवर आमच्या फवारण्या चालतात. यंदा आधीच थ्रिप्सने मोहोर खाल्ला. देवगड हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बाजारात नाव आहे, पण पाण्याशिवाय फवारणी होत नाही आणि फवारणीशिवाय पेटी भरत नाही. वर बोअर मारले तर माझ्या विहिरीचं काय, एवढंच मला कळलं पाहिजे. पेट्या भरायच्यात, दुपारी येतो.

मास्तर | २० एप्रिल, सकाळी ८:४०

‘सड्यावर आहे काय’ हा प्रश्न आला आहे तर थोडं लांबण लावतो. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं, सवय जात नाही.

जांभा हा सच्छिद्र दगड. चिरा फोडून बघा, मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा वाहून जातो, पण काही भाग सड्यावरच्या भेगांतून, खळग्यांतून आत झिरपतो. जांभ्याखाली शेडीचा थर असतो, पांढरट-गुलाबी चिकणमाती. तिच्यातून पाणी सहजी खाली उतरत नाही. मग ते आडवं सरकतं आणि जिथे उताराला जांभा संपून शेडी उघडी पडते तिथे झरा होऊन बाहेर येतं. आपल्या वाड्या डोंगराच्या त्याच पट्ट्यात का वसल्या, देवाची तळी तिथेच का आहे, याचं उत्तर हे. सडा म्हणजे आपल्या विहिरींचं छप्पर नव्हे, त्यांची टाकी आहे. सरकारदरबारी तो पोटखराबा किंवा पडीक म्हणून नोंदला जातो, पण ती नोंद शेतसाऱ्याच्या सोयीची. पाण्याचा हिशेब तिच्यात कुणी धरलेला नाही.

आणि हो, बीकॉम, फुलांचंही एक वाक्य लिहिणारच. श्रावणात सीतेची आसवं आणि गेंद बघायला वर चल एकदा, स्थळं वाट बघतील.

घरबसली बीकॉम | २० एप्रिल, सकाळी ९:०५

मास्तर, सातवीत तुम्हीच नेलं होतंत. पाय घसरून माझं दप्तर डबक्यात पडलं होतं. 😄

सातबारा | २० एप्रिल, दुपारी १:१०

महसूल खात्यात ३१ वर्षं काढली. पाण्याचं मास्तर बघतील, मी कागदाचं विचारतो. ही २२ एकर आहे कोणाची?

खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांचं वतन, १९४९ च्या कायद्याने गेली. त्यानंतर सड्यावरची वरकस (हलकी, डोंगराळ) जमीन कुठे खोताच्या वारसांच्या नावे राहिली, कुठे कुळांच्या, कुठे सामायिक. एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मयत. वारस नोंदी झालेल्या नाहीत. अशा जमिनीत एखादा हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो. पण वाटप झाल्याशिवाय ‘हा तुकडा माझा’ म्हणून बोट दाखवता येत नाही. मुंबईतल्या चौघांकडून कुलमुखत्यारपत्र घ्यायचं आणि सगळा गट आपलाच म्हणून कुंपण घालायचं, हे प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेत.

दुसरं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, कुळकायदा कलम ६३. उद्योगासाठी म्हणून ६३-एक-अ ची वाट आहे, पण मग वापर खरोखर उद्योगाचाच हवा. अर्जात वापर काय लिहिलाय, तो शब्द जसाच्या तसा उतरवून इथे टाका. आणि फेरफार (मालकीच्या नोंदीतला बदल) धरला गेला की हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. ती नोटीस चावडीवर लागते. मुंबईकरांनो, तुम्ही चावडीवर शेवटचे कधी गेला होतात?

पागोळी | २० एप्रिल, दुपारी १:३३

सातबारा काकांना +१. धागा रंगणार.

कातळफूल | २० एप्रिल, संध्याकाळी ७:४५

आज परत पंचायतीत गेले. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, ताई तुम्ही रोज येताय, चहा तरी घ्या. शब्द असा आहे : ‘कॉर्पोरेट ऑफिस, प्रशिक्षण केंद्र व संलग्न निवासी सुविधा’. एकूण बांधकाम १८,९०० चौरस मीटर.

चिरा | २० एप्रिल, रात्री ८:२०

मी स्थापत्य अभियंता. मूळ गाव पलीकडच्या खाडीचं, सध्या कोल्हापूर.

ताई, आकडा नक्की १८,९००? मग दोन गोष्टी.

एक, ४०० माणसांचं ऑफिस कँटीन, मीटिंगच्या खोल्या, जिने धरून ४-५ हजार चौरस मीटरमध्ये ऐसपैस बसतं. माणशी दहा-बारा मीटर खूप झाले. उरलेले १४ हजार मीटर कशाला? ‘संलग्न निवासी सुविधा’ हे शब्द फार मोठं पोट असलेले आहेत. त्यात वसतिगृह मावतं, पाहुण्यांचे बंगले मावतात, समुद्र दिसणारे व्हिला मावतात. लिहिलंय ऑफिस, निघेल रिसॉर्ट.

दोन, २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. १८,९०० ला लागत नाही. हा आकडा सहज आलेला नाही, टेबलावर बसून काढलेला आहे. तसंही इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीची अट नाहीच, त्यामुळे तुमच्याकडे बोलायची जागा म्हणजे ग्रामसभा. ती हातची घालवू नका.

भरतीरेषेपासून अंतर बघितलंत का? सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) ५०० मीटर आडवे मोजतात. कडा साठ मीटर उंच असला तरी सूट नाही.

कातळफूल | २० एप्रिल, रात्री ८:३२

नकाशात ५३० मीटर दाखवलंय.

गजालवाला | २० एप्रिल, रात्री ८:३५

५३०! मोजपट्टी पण तेंचीच असतली.

रात्रपाळी | २१ एप्रिल, पहाटे ३:५०

हिंजवडीत आठ वर्षं. आत्ताही ऑफिसातूनच लिहितोय. आमचं घर कणकवलीला.

४०० खुर्च्या म्हणजे ४०० नोकऱ्या नव्हेत. बऱ्याच कंपन्या आता काही दिवस घरून, काही दिवस ऑफिस करतात. गावाकडे ऑफिस काढण्यामागे खर्च कमी करणं असतं किंवा मग ‘टीमला पंधरा दिवस समुद्रावर पाठवू’ हा प्रकार. दुसरा असेल तर तुम्हाला मिळणार सिक्युरिटी, हाऊसकीपिंग आणि माळीकाम, तेही ठेकेदारामार्फत. ‘स्थानिकांना ८० टक्के’ असं सरकारी धोरण आहे खरं, पण त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला. हिंजवडीतला मीसुद्धा तुमच्या गावात स्थानिक ठरेन.

तरीही मी विरोधात नाही. बॅक ऑफिस, हिशेब, ग्राहक सेवा अशी कामं बीकॉम झालेली मुलं-मुली सहा महिन्यांत शिकतात. कंपनीने ते शिकवायचं लेखी कबूल केलं तर मी स्वतः सुट्टी टाकून शिकवायला येईन. लेखी कबूल केलं तर.

दादरकर हिस्सेदार | २१ एप्रिल, सकाळी ७:३०

वा. म्हणजे ज्यांनी बाहेर नोकऱ्या केल्या त्यांनीच आता शंका काढायच्या. हे असंच आपण सगळं घालवलं. तिकडे गोव्यात बघा, मोपाला विमानतळ झाला, रस्ते झाले. आपण अजून ‘शेडी, जांभा’ करतोय. मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून बघतोय, नातू शाळेत जायला लागला.

आणि कागदाचं म्हणाल तर आमच्या घराण्याचा व्यवहार आम्ही बघून घेऊ.

सातबारा | २१ एप्रिल, सकाळी ९:१५

‘आमच्या घराण्याचा व्यवहार’? साहेब, विसार (विक्रीची आगाऊ रक्कम) घेतलाय का?

कातळफूल | २१ एप्रिल, सकाळी ९:५५

अण्णाकाका, तुम्हीच ना? ‘भरून पावलो’ वाचलं तेव्हाच वाटलं होतं. बाबा तुमचे सख्खे चुलत भाऊ, सातबाऱ्यावर त्यांचं नाव तुमच्या खाली आहे. त्यांना विचारलंत?

दादरकर हिस्सेदार | २१ एप्रिल, दुपारी १२:४०

हो, मीच. लपवायचं काही नाही. विसार घेतला आहे, आम्ही तिघांनी. त्या पैशातून देवघराकडची भिंत आणि पडवीचं छप्पर करायचं ठरलं आहे, ज्या घरात तुम्ही राहता त्याच घराचं. २०२१ च्या तौक्ते वादळात कौलं गेली, तेव्हा सात दिवस काळोखात काढलेत तुम्ही, मी तिकडून फोन करत होतो. तुझ्या बाबांना गणपतीत सांगणार होतो.

संपादक मंडळ | २१ एप्रिल, दुपारी १:००

घरगुती बाबी कृपया व्यक्तिगत संदेशात. धाग्याचा विषय प्रस्तावित ऑफिस हा आहे.

तीन पिढ्यांची कलमं | २१ एप्रिल, दुपारी २:२०

संपादक, कोकणात जमिनीचा विषय आणि घरगुती बाब या दोन वेगळ्या गोष्टी नसतात.

चिरा | २१ एप्रिल, रात्री ९:१०

पाण्याचं गणित मांडतो, कारण ‘पाणी पुरेल का’ याला भावनेने उत्तर देता येत नाही.

ऑफिसात माणशी दिवसाला ४५ लिटर धरतात. ४०० माणसं, रोज १८ हजार लिटर. ऑक्टोबर मध्य ते जून मध्य हे आठ कोरडे महिने, महिन्याला २२ दिवस काम धरलं तर साधारण ३२ लाख लिटर. आता पाऊस. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १,५०० मीटर छप्पर आणि ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे ४५ लाख लिटर. काही वाया जाईल, तरी भागतं! फक्त साठवायला टाकी हवी : ४० मीटर लांब, २० मीटर रुंद, ४ मीटर खोल. खर्चिक आहे, अशक्य नाही. जमीन खोदून निघालेल्या चिऱ्यांत अर्धी इमारत उभी राहील.

म्हणून विचारायचा प्रश्न असा : प्लॅनमध्ये ही टाकी कुठे आहे? ती नसेल तर बोअर आहे, किंवा रोज दोन टँकर आहेत. आणि निवासी भाग आला तर माणशी ४५ नव्हे, हॉटेलच्या मापाने १८० धरा. वर लॉन. मग हे सगळं गणित कोसळतं.

कातळफूल | २१ एप्रिल, रात्री ९:४०

सतरा पानं परत चाळली. ‘पाणीपुरवठा : स्थानिक स्रोतांतून’. तीन शब्द.

गजालवाला | २१ एप्रिल, रात्री ९:४४

स्थानिक स्रोत म्हंजे आमची बाव (विहीर).

घरबसली बीकॉम | २२ एप्रिल, रात्री १०:१५

दोन दिवस गप्प होते. आमच्या घरी पाणी मीच भरते, त्यामुळे १८ हजार लिटर म्हणजे किती कळशा ते मला कळतं.

पण माझं म्हणणं सोडत नाहीये. प्रश्न असे विचारा की त्यांना ‘हो’ म्हणता येईल. ४,५०० मीटरचं ऑफिस, पावसाची टाकी, शिकवणी लेखी, बंगले नकोत. हे जमत असेल तर या. ‘नको’ म्हणायला गावातले सगळे एका पायावर तयार असतात. ‘हो, पण असं’ म्हणायला एक माणूस पुढे येत नाही. ते लिहून काढायचं काम मी करते, मला टायपिंग येतं.

रात्रपाळी | २२ एप्रिल, रात्री ११:०५

टाळ्या. मसुदा मला पाठव, शिकवणीचा मुद्दा मी घालतो.

मास्तर | २३ एप्रिल, सकाळी ८:००

मसुद्यात एक गोष्ट घालता येणार नाही, ती आपल्यालाच करावी लागेल. उद्या बोअर झाले आणि परवा विहीर आटली, तर कंपनी म्हणेल आधीच आटत होती. आपण काय दाखवणार? ‘आमच्या लहानपणी काठोकाठ असायची’?

म्हणून आजपासून विहिरी मोजा. सड्याखालच्या वाड्यांत मी धरून अकरा विहिरी आहेत. दोराला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारा, टोकाला दगड बांधा. कठड्याच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत किती गाठी, तारखेसकट वहीत लिहा. पहाटे, कुणी पाणी काढायच्या आधी. पाऊस सुरू होईपर्यंत दर रविवारी, नंतर महिन्यातून एकदा. ऑफिस येवो न येवो, ती वही गावाच्या कामाला येईल.

तीन पिढ्यांची कलमं | २३ एप्रिल, सकाळी ८:२५

माझ्या दोन विहिरी लिहून घ्या. गड्याला सांगत नाही, स्वतः मोजतो.

कातळफूल | १ मे, संध्याकाळी ६:३०

ग्रामसभेचा वृत्तान्त. ६३ माणसं आली. गणपूर्तीला १०० लागतात. ऐन हंगाम, अर्धा गाव बागेत. अर्धा तास वाट बघून सभा तहकूब.

कंपनीचा माणूस आला होता, लॅपटॉपवर फिल्म दाखवायला. वीज गेली, फिल्म राहिली. मुलगा बरा होता, घामाघूम झालेला, त्याला कोकम सरबत दिलं. बीकॉमने टाईप केलेलं पत्र त्याच्या हातात आणि पंचायतीत दिलं, ४८ सह्या, पोच घेतली. त्याने तिथेच उभ्याने वाचलं आणि विचारलं, ‘टाकीचा हिशेब कोणी केला?’ निवासी भागाबद्दल मात्र ‘वरती विचारून सांगतो’.

अण्णाकाका दादरहून आले होते. सभेत काही बोलले नाहीत. आत्ता बाबा आणि ते दोघे पडवीत सातबाऱ्याचा उतारा पसरून बसलेत, आवाज वाढलेले आहेत, पण चहा तिसऱ्यांदा मागितलाय.

सातबारा | १ मे, संध्याकाळी ७:१०

त्यांना सांग, आधी वारस नोंदी. बाकीचं नंतर भांडा.

दादरकर हिस्सेदार | २ मे, सकाळी ७:०५

सही केली मी पण त्या पत्रावर. एकोणपन्नासावी. विसार परत करणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

गजालवाला | ३ मे, सकाळी ७:४०

मास्तर, आज दोर सोडलंय बावीत. तेरा गाठी.

मास्तर | ३ मे, सकाळी ७:५२

पाणी काढायच्या आधी की नंतर?

गजालवाला | ३ मे, सकाळी ७:५५

नंतर. मी उठान येयसर म्हातारेन दोन कळशे ओढल्यान.

मास्तर | ३ मे, सकाळी ७:५६

मग उद्या परत.